वाईट काही होत नाही ते गाव

"कहाणी ऐकताना मूठ उघडायची न्हाई, मंगल. संकट येऊन टळलं, की मगच अक्षता सोडायच्या."

सासूनं, राजाबाईंनी, हे सांगितलं तेव्हा मंगल निपाणीच्या या घरात नवी होती. राजाबाई जाऊन बारा वर्षं झाली. तरी अजून रोज आंघोळ झाली की मंगल देवापुढं बसून त्या वाराची कहाणी वाचायची. डाव्या हातात पोथी, उजव्या मुठीत चार तांदूळ. चहासुद्धा त्यानंतर.

सून सौम्या तेवढ्यात भाजी चिरून घ्यायची, कानात मोबाईलची ती दोन पांढरी बोंडं घालून. मधेच गालात हसायची. माणूस एकटं हसतंय म्हणजे पलीकडं कोणीतरी आहे, असं मंगलला वाटायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गोष्ट ऐकते, आत्ती." गोष्ट! तिशीला टेकलेली बाई आणि गोष्ट!

आणि मग बुधवारी बोरगावहून सौम्याच्या वहिनीचा, अक्काताईचा, फोन आला.

"मावशी, सौम्याला बरं न्हाई का? तीन गुरुवार झाले, फिरकली न्हाई."

सौम्या दर गुरुवारी दहाला आईकडं म्हणून निघायची, तीनला परत यायची. गेल्या गुरुवारी तर सांगितलंही होतं, आई बरी हाय, दोन घास जास्त जेवली म्हणून.

"जरा कणकण होती तिला," मंगल म्हणाली. खोटं बोलल्याबद्दल देवाला हात जोडले, पण मुलाला काही सांगितलं नाही. आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं.

गुरुवारी दत्ताच्या देवळातून ती घरी न जाता तशीच स्टँडवर गेली आणि रसाच्या गाड्याआड उभी राहिली. सौम्या कडेच्या बाकावर बसली होती, कानात बोंडं. बोरगावची गाडी लागली, भरली, सुटली. सौम्यानं मान वर केली नाही. मंगल माणूस यायची वाट बघत राहिली. मिशीवाला येईल, चष्मेवाला येईल, मोटारसायकलवर येईल. अर्धा तास झाला. आलं एक कुत्रं, तेही बाकाखाली झोपलं.

शेवटी मंगल जाऊन शेजारी बसली. सौम्या दचकली.

"आत्ती! तुम्ही इथं?"

"कोण हाय त्यो?"

"कोण?"

"कानात बोलतोय त्यो."

सौम्यानं एक बोंड काढून सासूच्या कानात बसवलं. आत एक बाई संथपणे सांगत होती. डोंगरातलं गाव, सदा धुकं. एका राक्षसानं माणसं खायची सोडून चहाचं दुकान घातलं होतं. वडावरची हडळ लोणचं घालत होती, आणि गावात वाद पेटला होता तो एवढाच, की लोणच्यात गूळ घालायचा की नाही.

कहाणी म्हटल्यावर मंगलचा हात आपोआप पिशवीत गेला आणि देवळातल्या अक्षता मुठीत आल्या. आता वड कोसळेल. आता राक्षसाला जुनी भूक लागेल. कसलं काय! निम्म्या बरण्यांत गूळ घातला, निम्म्या तशाच ठेवल्या, तोंडांना फडक्याचे दादरे बांधले आणि सगळे चहा प्यायला बसले. मंगलला हायसं वाटलं. आवडलं, हे तिचं तिलाच खटकलं. मूठ घामेजली होती आणि सोडायची कुठं ते कळेना.

"संपली? संकट कुठं आलं?"

"येतच न्हाई, आत्ती. म्हणून तर ऐकते."

मंगलनं तांदूळ पुन्हा पिशवीत टाकले. "त्या राक्षसाला आई हाय का?"

"हाय की. चुलीजवळ बसून लोकर विणती."

"त्याला वळखती?"

सौम्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आईचं विसरणं सुरू झालं तवा मीच शब्द दिलता, दर गुरुवारी येऊन वेणी घालीन म्हणून. तीन महिने घातली. मागच्या खेपेला हातातनं केस वढून घेतले तिनं. म्हणाली, तू कुणाची गं बाई? सर बाजूला, माझी सौम्या यायची हाय, तीच घालती वेणी."

मंगलचा संशय गेला होता, पण त्या जागी आलेलं काही हलकं नव्हतं.

"गोड हाय तुझं गाव," ती हळू म्हणाली. "पण तिथं कुणी कुणाला पारखं होत न्हाई. मग पारख्या झालेल्या माणसाशी कसं वागायचं, ते तिथं कोण सांगणार?"

"आणि तुमच्या पोथीत?" सौम्या उसळली. "व्रत मोडलं की सगळं जातं, पाळलं की सगळं परत येतं. आईनं सोळा सोमवार दोनदा केले. काय परत आलं?"

रोज वाचताना ही शंका मंगललाही चाटून जायची, आणि ती पान उलटायची.

"काय न्हाई आलं," ती म्हणाली. "अक्काताई सांगत हुती, तीन हप्ते तुझी आई केसाला कुणाला हात लावू देत न्हाईत. जटा झाल्यात."

सौम्या एकदम वळली. "वहिनीचा फोन आलता? तुम्ही काय सांगितलं?"

"कणकण हाय म्हणाले. तुझ्यापायी खोटं बोलले, तेबी गुरुवार तोंडावर आल्यावर."

सौम्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "परत ढकललं तर?"

"ढकलू दे. त्यांची सौम्या येईपर्यंत तेवढं तेल लावते म्हणावं."

पुढची गाडी लागत होती. सौम्यानं बोंडं डबीत घालून डबी पिशवीच्या तळाशी सारली. मंगल अजूनही तिच्याकडं बारीक नजरेनं बघत होती. ही खरंच चढणार का? सौम्यानं टपरीवरून खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि रुंद दातांचा कंगवा घेतला, आधार कार्ड हातात धरलं आणि गाडीत चढली. कंडक्टरनं कन्नडमधून कुठं म्हणून विचारलं.

"बोरगाव," ती म्हणाली, आणि कर्नाटकात बायकांना मिळतं ते शून्याचं तिकीट घेऊन खिडकीशी बसली.