पांढऱ्या पट्ट्याखालचा काळा रंग

मी एक बंदूक आहे आणि माझ्यातून गोळी सुटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एका माणसाचं सगळं आयुष्य याच गोष्टीवर अडलं.

माझा जन्म बंगालातल्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी दोन सरहद्दी पाहिल्या. त्यातलं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढे मी जुनी झाले, तेव्हा एका कारागिरानं माझ्या नळीला आरपार भोक पाडलं, गोळी पेटवणारी आतली टाचणी कापून काढली आणि नळीच्या तोंडाजवळ पांढरा पट्टा रंगवला. पांढरा पट्टा म्हणजे ही फक्त कवायतीची बंदूक, हे प्रत्येक शिपायाला पहिल्या महिन्यात शिकवतात. त्या दिवसापासून मला फारसं काही वाटत नाही. उचलतात, खांद्यावर घेतात, जमिनीवर आपटतात. मी असते, एवढंच.

अशी मी वर्धा जिल्ह्यात आले. हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला लष्कराचं एक छोटं ठाणं होतं. आता ते उठलं आहे. तिथल्या हत्यारांच्या खोलीला कोत म्हणत. जिवंत बंदुका वीस, त्या जाळीच्या दाराआड एका रांगेत. मी आणि माझ्यासारख्या चार जणी बाहेर, कोपऱ्यात.

पहाऱ्याचा नाईक होता तानबा. सेलूकडचा, पंचेचाळिशीचा, मिशा अर्ध्या पिकलेल्या. पहारा बदलताना तो जाळीतून बोट फिरवत नळ्यांची वीस तोंडं मोजायचा. सगळेच तसं मोजायचे. दार उघडून क्रमांक वाचायचे तर साहेबाची सही लागते, आणि सहीसाठी कोण थांबणार? वीस तोंडं दिसली की वहीत 'वीस, बरोबर' लिहायचं. इतकी वर्षं तेच चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

१९९६ चा पोळा जवळ आला होता. तानबा चार दिवस रजेवर गेला. तेवढ्यात निरोप आला की मोठे साहेब तपासणीला येणार. ठाण्याला चुना लागला, दगडांना गेरू लागला. सुभेदार महादेवरावांनी कोत उघडून पाहिलं तर बंदुका एकोणीस. विसावी दुरुस्तीला गेली होती आणि तिची पावती कुठे सापडत नव्हती. सुभेदाराच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी मला उचललं, माझ्या पट्ट्यावर काळा रंग फिरवला आणि मला विसाव्या जागेवर उभं केलं.

"एका दिवसाचं काम आहे," ते शिपायांना म्हणाले. "तपासणी झाली की पुसून टाकू."

साहेब आले. जाळीतून पाहून गेले. रंग कुणी पुसला नाही.

पोळ्याच्या सकाळी तानबा परतला. त्यानं वीस तोंडं मोजली आणि वहीत सही केली.

दुपारी अर्धं ठाणं सुटीवर होतं. ओल धरू नये म्हणून बंदुकांना तेल द्यायचं होतं, त्यामुळे कोत उघडं होतं. तानबा समोर पहाऱ्यावर होता. मागच्या तारेतून तिघं आत शिरले. पुढे होता राकेश. दोन वर्षांपूर्वी याच ठाण्यात शिपाई होता, मारामारी केली म्हणून काढून टाकलेला. नागपुरात कुणीतरी बंदुकांना गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. त्यांनी चार बंदुका पोत्यात भरल्या. पाचवी राकेशनं हातात घेतली. ती मी.

नेमका तेव्हाच कवडू आला. कवडू लंगरचा स्वयंपाकी. तानबासाठी पुरणपोळीचा डबा घेऊन आला होता. डबा खाली पडला, तो आवाज ऐकून तानबा धावत आला. त्याच्या हातातली बंदूक भरलेली होती.

राकेशनं कवडूला ओढलं आणि माझं तोंड त्याच्या कानाखाली टेकवलं.

"बंदूक खाली ठेवा काका. नाई तं मारीन याले."

"राक्या, त्यानं तुले दोन वर्सं जेवू घातलं हाय बे."

"मालूम हाय. म्हणून तं सांगून राह्यलो. ठेवा."

तानबा बारा पावलांवर उभा होता. त्याचे डोळे माझ्यावर होते; राकेशनं आत गोळी भरली आहे की नाही, हे कळायला त्याला मार्ग नव्हता. माझा पांढरा पट्टा दिसला असता तर त्याला एका पावलापुरतंही कुणी अडवू शकलं नसतं. मी ओरडू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला काही वाटलंही नाही. कवडूच्या मानेची नस माझ्या तोंडावर उडत होती, ती मी मोजत राहिले.

"तानबा," कवडू हळूच म्हणाला, "ठेव नं बापा. घरी पाव्हणे येऊन राह्यले."

तानबानं बंदूक खाली ठेवली. तिघांनी तीही उचलली आणि ते जंगलात गेले.

तिसऱ्या दिवशी बोर धरणाच्या मागे तिघं सापडले. सगळी हत्यारं परत आली. त्या संध्याकाळी महादेवराव एकटे कोतात आले, त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि काळ्यावर पुन्हा पांढरा पट्टा रंगवला. पट्टा सरळ आला.

राकेशचा खटला बाहेरच्या कोर्टात गेला. तानबावर कोर्ट मार्शल बसलं. आरोप होता की त्यानं घाबरून स्वतःचं हत्यार चोराच्या हवाली केलं, तेही एका निकामी बंदुकीपुढे. सिद्ध झालं तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार आणि गावात राहायला तोंड उरणार नाही.

मी टेबलावर होते. गळ्यात पुराव्याची चिठ्ठी होती.

"हा पट्टा दोनशे पावलांवरून दिसतो," सरकारी बाजूचा मेजर म्हणाला. "तू किती पावलांवर होतास?"

"बारा, साहेब. तेव्हा पट्टा नव्हता."

महादेवरावांची साक्ष झाली. "पट्टा पहिल्यापासून आहे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रंग लावताना पाहिलेले शिपाई बाहेर व्हरांड्यात उभे होते. प्रत्येकाला पोरंबाळं होती. एकही आत आला नाही. माणसं खोटं कमी बोलतात. बाहेर उभी मात्र पुष्कळ राहतात.

कवडू आला. कोर्टात हिंदी चालायची. तो त्याच्या बोलीतच बोलला.

"काळीच होती जी. माह्या कालरले काळा रंग लागला होता."

"तो सदरा कुठे आहे?"

"आणला हाय जी. पण बायकोनं रॉकेल लावून धुतला. पोळ्याचा नवा सदरा होता."

"मग आता काय दाखवतोस?"

"सदरा दाखवतो. काळं नाई दिसत."

दोन-तीन साहेब हसले.

बचावाला दिलेला कॅप्टन हेमराज तरुण होता. तो उभा राहिला. "हा पट्टा नखानं खरवडू द्या. खाली काळा रंग निघाला तर हा माणूस खरं बोलतो आहे."

"मुद्देमालाला इजा करता येत नाही," कोर्टाचे अध्यक्ष म्हणाले. "जसा जमा झाला तसाच तो राहिला पाहिजे."

"तसा तो राहिलेला नाही, सर. आमचं म्हणणं तेच आहे."

म्हणणं नोंदवून घेतलं आणि फेटाळलं. ज्या बंदुकीच्या नळीला सरकारनं स्वतः भोक पाडलं होतं, तिच्या रंगाला नख लावायची कुणाला परवानगी नव्हती.

तानबा बडतर्फ झाला. त्याच्या छातीवरच्या फिती काढल्या, तेव्हा तो सावधान उभा होता. त्याला विश्राम म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

मला एका पेटीत घालून वर्ध्याच्या लष्करी गोदामात ठेवलं. तानबा दरवर्षी अर्ज पाठवायचा. दरवर्षी उत्तर जायचं की मुद्देमाल सुरक्षित आहे. २००१ मध्ये तो स्वतः आला, कवडूला सोबत घेऊन. दोघांना फाटकावरच थांबवलं. गोदामातला कारकून ताराचंद बाहेर गेला. माझ्या पेटीजवळची खिडकी फाटकाकडेच उघडत होती.

"काका, बंदूक आहे. पण दाखवता येत नाही."

"मले नोको दाखवू," तानबा म्हणाला. "तूच पाहजो. एक डाव नखानं खरवडजो, बस."

"याची नखं चांगली वाढली हायेत," ताराचंदच्या हाताकडे पाहत कवडू म्हणाला. "याले जमते."

ताराचंद हसला. आत येऊन त्यानं पेटी उघडली. बराच वेळ पाहत राहिला. अंगठ्याचं नख पट्ट्यावर टेकवलं. मग हात मागे घेतला, माझ्यावर कापड ओढलं आणि झाकण लावलं. नोकरी लागून त्याला वर्षही झालं नव्हतं.

आता २००६ चाललं आहे. गोदाम रिकामं करायचं ठरलंय. भंगाराच्या यादीत माझं नाव आलंय. येत्या आठवड्यात मला कापतील आणि भट्टीत टाकतील. माझी भीती केव्हाच गेली. पण माझ्याबरोबर जे वितळेल ते माझं नाही.

ज्याच्या हाती मी शेवटची येईन, त्याला सांगते. करवत लावण्याआधी माझ्या तोंडाजवळ बघ. वरचा पांढरा महादेवरावांचा, त्याखाली काळा, त्याखाली माझा जुना पांढरा. एक नाणं पुरे आहे. परवानगी मागत बसू नकोस. परवानगी मागितली की काय होतं ते मी दहा वर्षं पाहिलंय.

फक्त घाईनं एकटाच खरवडू नकोस. आधी निरोप धाड. तानबा सेलूला राहतो. सायकलनं येईल. आला की त्याला या वेळी फाटकावर थांबवू नकोस.