दार कुणी उघडलं

वसंतराव सर आमच्या घरी येतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते आले. तेरला, भर दुपारी, मुलाच्या गाडीतून. मुलगा शंतनू बाहेरच फोनवर बोलत राहिला. काचबिंदूमुळं सरांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. चौकट चाचपत ते आत आले. मी खुर्ची पुढं केली नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. तो जुना भुताचा सिनेमा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलाय. शेवटी बंद खोलीचं दार उघडतं, पण कुणी उघडलं ते दिसत नाही. कुणी म्हणतं भुतानं, कुणी म्हणतं वाऱ्यानं. सरांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं: आत कोंडलेल्या सुनेनंच कडी काढली, सूड घ्यायला. त्या पुस्तकानं त्यांना मान दिला आणि जन्मभराची भांडणंही.

खरं तर हे सगळं गूढ माझ्या वडिलांच्या कात्रीचं. आबाराव, म्हणजे आमचे आबा, तंबू टॉकीजचे ऑपरेटर. सोनारीच्या जत्रेत फिल्म तुटली. त्यांनी फाटका भाग कापला, उरलेली जोडली आणि खेळ चालू ठेवला. सगळेच ऑपरेटर तसं करायचे. पुढं बाकीच्या प्रती खराब झाल्या, हीच एक उरली आणि टीव्हीवर तीच लागली.

पुस्तकाच्या प्रकाशनाला आबा धुवट सदरा घालून, तो तुकडा खिशात घेऊन धाराशिवला गेले. सोबत मी, बारा वर्षांची.

"सर, तिथं अजून थोडा शिनेमा हाय. म्या कापलाय," एवढंच ते बोलले.

सर माइकवरून हसले. "आता तंबूवाले आम्हाला सिनेमा शिकवणार!"

सभागृह खो खो हसलं. दोघांनी आबांना दंडाला धरून बाहेर काढलं. आबांनी पुन्हा मशीनला हात लावला नाही. त्या हसण्याचा राग तीस वर्षं माझ्या पोटात आहे, आणि तो मला कमी करायचाही नाही.

आबा गेले, तुकडा माझ्याकडं आहे, हे सरांना कुणीतरी सांगितलं होतं.

"श्रावस्ती, बाळ, एकदा बघून सांग. माझे दिवस भरत आले. मी बरोबर होतो का?"

मी डबा उघडला. आजवर कधी धीर झाला नव्हता. तुकडा खिडकीशी उजेडात धरला. इवल्या इवल्या चित्रांत सून होती. कडी तिच्याच हातात होती.

"कोण आहे गं?"

"कुणी न्हाय, सर. पडदा हलतुया. वाऱ्यानं उघडलंय दार."

"नीट बघ."

"बघितलं की. वाराच हाय."

सर मटकन खाली बसले. शंतनूनं त्यांना धरून गाडीत नेलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

गाडी वळणापलीकडं गेली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आबा त्या दिवशी सरांची चूक काढायला गेलेच नव्हते. तुमचं बरोबर आहे, एवढं सांगायला गेले होते.