घाटपारच्या टोळीचा म्होरक्या

दुष्ट माणसं तयार करायचं काम माझ्याकडे. नायक व्हायला सगळे पुढे! सेजल तिरंदाज, सिद्धेश तलवारवाला. फाशांवर चालणारा हा गोष्टीचा खेळ, त्यात बाकी सगळ्या जगाची हमाली मात्र या अजयनं करायची. चोर मी, दरोडेखोर मी, पुलावरचा पहारेकरीही मीच. दर आयतवारी सुर्ल्याला, खाणींच्या या गावात, आमच्याच घरी.

खेळातला मुलूख सिद्धेशनं आखलेला. तांबड्या मातीची सरहद्द, राजाचा हुकूम पोचत नाही अशी. तिथं तीन तट: डोंगर पोखरणारे खाणकरी, नदीवरचे बार्जवाले, आणि घाट उतरून लुटायला येणारे घाटपारचे. "घाटपारचे वायट," सिद्धेश म्हणाला. "तेंचो म्होरक्यो तू कर."

आता घ्या! माझे बाबा, धोंडिबा, बेळगावकडून घाट उतरूनच आले आणि खनिजाचा ट्रक चालवता चालवता इथंच म्हातारे झाले. सिद्धेश लहानपणी आमच्या चुलीपाशी बसून भाकरी खायचा. पण हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तेच तर दुखतं. मुद्दाम बोलला असता, तर कानाखाली एक देऊन मोकळा झालो असतो.

म्होरक्या करायला बसलो. नुसता क्रूर दुष्ट मला जमत नाही, त्याला काहीतरी हवं असावं लागतं. सोनं? छ्या! मग आमच्या वाड्यावरचं गाऱ्हाणं आठवलं. वर्षातून एकदा देवापुढं नारळ ठेवून एकेका घराण्याचं नाव घेतात, त्याची राखण कर म्हणतात, आणि जमलेले लोक ओरडतात, "व्हय महाराजा!" आम्ही बाहेरून आलेले सगळ्यात शेवटी, नावाशिवाय, एका दमात: "आणि भायले सगळे." रीतच तशी, भांडणार कुणाशी? बाबा तरी दरवर्षी टोपी काढून मागं उभे राहतात आणि दुसऱ्यांच्या नावांना मोठ्यानं व्हय म्हणतात. यंदा डोळ्यांना दिसत नाही, तरी म्हणाले, हात धरून ने मला.

तर माझ्या म्होरक्याला तेवढंच हवं होतं. गाऱ्हाण्यात त्याच्या घराचं नाव. नायकांनी नुसतं "तुला काय हवं?" असं विचारलं, की टोळी मागं फिरणार, असं मी ठरवून टाकलं. त्यांनी विचारलं असतं, तर खेळ बाजूला ठेवून मी बाबांच्या नावाचंही बोलणार होतो. गाऱ्हाणं सिद्धेशचेच काका घालतात. आजवर माझी जीभ कधी रेटली नव्हती.

आयतवारी म्होरक्या पुलावर आला. हत्यार खाली ठेवलं. मी बोलायला लागलो तर तोंडातून बाबांचा आवाज निघाला. ठरवलं नव्हतं, आपोआप निघाला.

"भांडाय न्हाई आलो बाबांनो. जरा ऐकून घ्या की आमचं."

"हो डाव आसा," सिद्धेश म्हणाला. "मार गे!"

सेजलनं फासा टाकला. त्यावरचा सगळ्यात मोठा आकडा पडला. बाण नरड्यातून आरपार.

"मेलो एकदाचो घाटी!" सिद्धेशनं टाळीसाठी हात पुढं केला. मी दिली. काय करणार? "आवाज मात्र मस्त काढलंस हां! खंय शिकलंस?"

दोघं पोट धरून हसत होती. मीही दात दाखवले. माझ्याच घरात, माझ्याच मित्रांत मला इतकं एकटं वाटलं की कधी एकदा ही दोघं जातात असं झालं.

ती गेली. पडवीत बाबा खुर्चीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं.

"कोण मेला रे अजय?"

"खेळातला होता, बाबा. दुष्ट होता."

"मग बरं झालं." ते जरा वेळ मान हलवत राहिले. "बोलत हुता मात्र आपल्यागत."

"छे हो," मी म्हटलं. "तुम्हाला तसं ऐकू आलं असेल."