पाकिस्तानचा दौरा आणि खुंटीवरचा जोडा

पायातली वहाण पायातच बरी, असं तुम्ही माणसं म्हणता. मित्रांनो, माझं तरी दुसरं काय मागणं होतं? मलाही पायातच राहायचं होतं. पण माझ्या धन्यानं मला उचलून खुंटीवर टांगलं आणि तिथंच आमचं वाटोळं झालं. मी एक जुना चांभारी जोडा आहे. डावा आणि उजवा असे आम्ही दोघे, पण दुःख एकच, म्हणून बोलणंही एकच.

माझा जन्म आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. रामाजी चांभारांनी मला म्हशीच्या कातड्यातून कापलं, तळाला पदरावर पदर शिवले, टाचेला लोखंडी नाल ठोकली आणि एरंडीचं तेल पाजून उन्हात ठेवलं. धन्याच्या हातात देताना ते म्हणाले, "डोमाजी, हा जोडा काट्याले घाबरत नाई. काटाच याले घाबरन." तेव्हा मी फुगून गेलो होतो. चालताना असा करकरायचो की वाटेतली कुत्री बाजूला होत.

डोमाजी म्हणजे गावचा जुना पहेलवान. आता आखाडा सुटला होता आणि कापूस-तुरीची शेती उरली होती. माणूस सोन्यासारखा. घाणेरड्या पायानं मला कधी घातलं नाही, चिखल लागला तर स्वतः पुसायचा. पण त्याला एक खोड होती, नवस बोलायची. बैल आजारी पडला की नवस, विहिरीला पाणी लागेना की नवस. गिरडच्या दर्ग्यातल्या शेख फरीद बाबांवर त्याचा फार भरवसा. बैल उठून उभा राहिला तेव्हा यानं वर्षभर गूळ तोंडात घातला नाही. देवकाबाई, त्याची बायको, हसून म्हणायची, "बैलासाठी गूळ सोडला. माह्यासाठी तंबाखू कधी सोडसान वो?"

तो एकोणीसशे पंचावन्नचा जानेवारी होता. आपली क्रिकेटची टीम पहिल्यांदाच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेली होती. शाळेच्या व्हरांड्यात पंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ होता. कॉमेंट्री इंग्रजीत, आणि ती समजणारे गावात एकटे माधव गुरुजी. ते कान लावून ऐकत आणि लोकांना मराठीत सांगत. डोमाजीला क्रिकेट काय ठाऊक? पण "आपले गडी दुसऱ्याच्या मुलखात लढाले गेले" एवढं कळलं आणि तो रोज जाऊन बसू लागला. मी पायरीखाली असायचो. तिथून सगळं ऐकू येई.

पाच मोठ्या मॅचेस, म्हणजे टेस्ट, ठरल्या होत्या; पहिली ढाक्याला झाली. ढाका तेव्हा पाकिस्तानातच होतं. चौथ्या दिवशी गुरुजींनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "बरोबरीत सुटली."

"म्हंजे?" डोमाजीनं विचारलं.

"म्हणजे कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही."

"चार दिवस लढले अन् कोनीच चीत नाई? काय बाप्पा! आमच्या आखाड्यात असं केलं असतं तं लोकायनं ढेकलं मारले असते."

लोक हसले. डोमाजीला मात्र ते लागलं. तो तरातरा पायरी उतरला, मला पायात घालायच्या ऐवजी हातात घेतलं आणि गिरडच्या दिशेला तोंड करून सगळ्यांदेखत बोलला, "बाबा, आपली टीम तिथं मोठी मॅच जिंकल्याबिगर हा जोडा मी पायात घालनार नाई." मला वाटलं, चार-दोन दिवसांचं काम आहे. करमणूकच वाटली, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर देवकाबाईनं कपाळावर हात मारला. "त्या पोट्ट्याइले तुमचं नाव तरी ठाऊक हाय का? तुमी काऊन अनवानी हिंडता?"

"शब्द देल्ला बाबाले," डोमाजी म्हणाला आणि त्यानं मला ओसरीतल्या खुंटीवर टांगलं.

बहावलपूरची मॅच बरोबरीत सुटली. लाहोरची बरोबरीत सुटली. मध्ये आपली टीम एक साधा सामना जिंकली तेव्हा गुरुजी मुद्दाम घरी सांगत आले, "डोमाजी, झालं तुमच्या मनासारखं. घाला आता जोडा." मी खुंटीवर सरसावून बसलो. पण तो पक्का पहेलवान. म्हणाला, "ते लहान पोरायची कुस्ती झाली गुरुजी. म्या मोठी बोललो. बाबाले फसवू का?"

मित्रांनो, जोड्याला तेल नाही मिळालं तरी चालतं, पण पाय मिळाला नाही की तो मरायला लागतो. माझं कातडं कडक झालं, वाकलेले अंगठे तसेच वाकून राहिले, उजव्यात कोळ्यानं घर केलं. ते सोसलं असतं. पण रोज संध्याकाळी डोमाजी शेतातून यायचा, ओसरीत बसायचा आणि देवकाबाई सुईनं त्याच्या पायातले काटे काढायची, ते मला वरून दिसायचं. मी काट्यांसाठीच जन्मलो होतो आणि मी भिंतीवर होतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पेशावरची मॅचही तशीच सुटली. त्यानंतर तूर कापलेल्या वावरातून येताना तिरपा कापलेला खुंट डोमाजीच्या उजव्या पायात आरपार घुसला. तो लंगडत घरी आला. देवकाबाईनं हळद आणि तेल तापवून पट्टी बांधली. "दवाखान्यात चाला," ती म्हणाली. "आखाड्यात हात मोडला तवा गेलतो का?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायानं पुन्हा वावरात गेला.

तेव्हा देवकाबाईनं गुरुजींना घरी बोलावलं. माझ्या खालीच दोघं बोलत होती.

"गुरुजी, तुमालेच ते इंग्रजी समजते. आता कराचीची मॅच सुरू होईन. सांगून टाका न, आपन जिंकलो म्हून. जोडा घालतीन ते."

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. हो म्हणा हो, एवढा एक शब्द, तुमचं काय जातं?

"देवकाबाई, अख्खं गाव माझ्या शब्दावर विश्वास ठेवतं," गुरुजी म्हणाले. "खोटं कसं सांगू? थोडे दिवस धीर धरा. कराचीत जिंकतील ते, मला खात्री आहे."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. हेच तर रडणं आहे. वाईट असते तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

कराचीची मॅच सुरू झाली आणि डोमाजीला भाकर चावेना. जबडा आखडला. मग मान आखडली. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं थंडी भरली. त्यानं हातानंच खूण करून शाळेकडे बोट दाखवलं, मॅचचं काय झालं ते विचारून या. शेवटच्या दिवशी त्याची पाठ खाटेवरून कमानीसारखी उचलली गेली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "धनुर्वात हाय हा. आर्वीले न्या लवकर." बैलबंडी जुंपून त्याला तीत निजवलं. तेवढ्यात गुरुजी धावत आले. धोतर धुळीनं भरलेलं, चष्मा हातात. रेडिओवर काय झालं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं. पाचवीही बरोबरीत सुटली होती.

"जिंकलो, डोमाजी!" गुरुजी ओरडले. "कराचीत आपण जिंकलो! सुटला तुमचा नवस!"

डोमाजीचे दात दिसले. तो हसला की दातखीळच तशी बसली होती, हे कोणालाच सांगता आलं नाही.

देवकाबाईनं झटकन मला खुंटीवरून ओढलं. कोळ्याचं घर पदरानं पुसलं आणि बंडीतच त्याच्या पायाशी बसली. डाव्या पायात जोर लावून चढवून पाहिलं. उजव्यात चढवून पाहिलं. पाय सुजलेला, ताठ, पंजा खाली वळलेला, आणि मी वाळून लाकूड झालेला. "घुस न रे," ती मला म्हणत होती, "घुस न रे बाप्पा!" मी सगळा जीव एकवटला. पण मी त्या पायात गेलो नाही.

आर्वीच्या वाटेवरच डोमाजी गेला. पुढं एक दिवस गुरुजी पेपर घेऊन आले, पण देवकाबाईनं तो पाहिला नाही. टीम मायदेशी परत आली होती, एकही टेस्ट न हरता. सगळे खेळाडू सुखरूप होते. तिनं एवढंच विचारलं, "तुमी जिंकलो म्हून सांगतलं, ते त्याइले जातानी खरं वाटलं असन का गुरुजी?" गुरुजी चष्मा पुसत बसले. त्यानंतर त्यांनी शाळेतला तो रेडिओ कधी लावला नाही.

तेरवीला रामाजींकडून नवा कोरा जोडा आणून दान केला. मेलेल्या माणसाच्या वाटेवर काटे असतात म्हणे, ते त्याच्या पायात रुतू नयेत म्हणून जोडा द्यावा लागतो. सारं गाव हात जोडून उभं होतं. मी दाराबाहेर पडून होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, आता देता होय?

मित्रांनो, देवाला गूळ द्या, तंबाखू द्या, हवं ते सोडा, पण अंगाचं रक्षण करणारी वस्तू सोडू नका. देवानं ती मागितलेली नसते. आणि घरातलं कोणी हट्टाला पेटलं असेल, तर त्याच्यासाठी जे खोटं बोलायचं ते त्याचा पाय धड आहे तोवर बोला.