पाच सेकंदांचं पोतं

“हा चेंडू आहे की फुगा?” मागून आवाज आला.

जोवेलिनने मान वळवली नाही. पडद्यावर करड्या रंगाचा चेंडू टप्पे खात पलीकडे चालला होता. ट्यूटोरियलमधला माणूस म्हणाला होता, चेंडू जमला की निम्मी विद्या आली. तिला तीन आठवडे तो जमत नव्हता, आणि तीन आठवडे तिचा बाप मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते न जमणं बघत होता.

“तातय, तुम्ही बाहेर जाऊन बसा ना.”

“बाहेर पंखा आहे का?”

पंखा घरात एकच. कॉम्प्युटर जुना, तासाभरात तव्यासारखा तापायचा, म्हणून जोवेलिन पंख्याचं तोंड त्याच्याकडे करायची. बाप पायाच्या अंगठ्याने ते पुन्हा स्वतःकडे फिरवायचा. दिवसभर हेच. मनिलाजवळच्या मारिकिनात, बूट बनवणाऱ्यांच्या त्या गल्लीत, बाकीच्या घरांतून बुटांना खिळे ठोकल्याचे आवाज येत, ह्यांच्या घरातून भांडणाचे.

अन्सेल्मो पंचावन्नचा होता. तरुणपणी बारा वर्षं तो मनिलातल्या एका स्टुडिओत चित्रं काढायचा. परदेशातली कार्टुनं तेव्हा तिथे हाताने तयार होत. उडी मारायच्या आधीचं एक चित्र आणि मारून झाल्यावरचं एक, एवढं वरचे लोक काढत. मधली सगळी अन्सेल्मोसारख्यांनी भरायची, खालून दिवा लावलेल्या काचेवर, कागदावर कागद ठेवून. त्याची रेघ केसासारखी बारीक होती. मग स्टुडिओत कॉम्प्युटर आले. एका शुक्रवारी साठ जणांच्या हातात एकेक खोकं देऊन आपापलं सामान भरायला सांगितलं. त्यानंतर अठरा वर्षं त्याने तांदळाच्या वखारीत पोती उचलली, कंबरेतला मणका सरकेपर्यंत. मग तो खुर्चीला खिळला, घर बायकोच्या, पासिताच्या, पुढच्या पडवीतल्या खानावळीवर चालू लागलं, आणि मुलीने त्याच्या छातीवर कॉम्प्युटर आणून ठेवला.

जोवेलिन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिथे अ‍ॅनिमेशनचा तास आठवड्यातून एकदा, आणि सर पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत. म्हणून ती घरीच शिकत होती. ट्यूटोरियल लावायचं, थांबवायचं, करून बघायचं, बिघडलं की मागे न्यायचं. चेंडू शेवटी जमला. मग शेपटीवाला चेंडू केला, मग चालणारे नुसते दोन पाय, मग पायांवर माणूस.

“ह्याला मूळव्याध झालीय का?” अन्सेल्मो म्हणाला.

“पंधरा सेकंद बघितलंत फक्त.”

“तेवढ्यात कळलं. दुखतंय बिचाऱ्याला.”

चीड आणणारी गोष्ट ही, की त्याचं खरं असायचं. माणूस खरंच तसा चालत असे. पण चूक कुठे आहे ते दाखवून बरोबर काय ते तो कधी सांगायचा नाही. एकदा तिने दात-ओठ खात विचारलं होतं, “मग कसं करू?” तर म्हणाला, “तुझ्या त्या बडबड्याला विचार. त्याला सगळं येतं.”

जुलैत पासिगमधल्या एका छोट्या स्टुडिओने नवशिक्यांसाठी परीक्षा ठेवली. एक तयार बाहुला दिला होता, नाक-डोळे नसलेला, सांधे मात्र माणसाचे. त्याने जमिनीवरचं जड ओझं उचलून खांद्यावर घ्यायचं. पाच सेकंद, एकशेवीस फ्रेम. मुदत तीन आठवड्यांची. चेहऱ्यावर काही दाखवायची सोयच नव्हती; वजन अंगातूनच दिसायला हवं होतं.

जोवेलिनने सहा दिवस घासले. बाहुला वाकायचा, दगड उचलायचा, खांद्यावर टाकायचा. दगड कापसाचा वाटायचा. ट्यूटोरियलवाला सांगायचा, वजन उचलताना दिसत नाही, उचलण्याच्या आधी दिसतं. तिने आधीची तयारी वाढवली. आता बाहुला शौचाला बसल्यासारखा दिसू लागला.

“त्याच्या मणक्याला कळलेलंच नाही, की काहीतरी जड आहे,” अन्सेल्मो म्हणाला आणि अंगठ्याने पंखा फिरवला.

जोवेलिन खुर्चीतून उठली. “तुमच्या मणक्याला कळलं ना? काय मिळालं कळून? बारा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांमधली भोकं भरलीत, अठरा वर्षं दुसऱ्याचे तांदूळ वाहिलेत. मशीन आलं तेव्हा शिकायचं होतंत! शिकला का नाहीत?”

अन्सेल्मोने अंगठा पंख्यावरून मागे घेतला.

“शिकायला सांगितलं नव्हतं कुणी,” तो म्हणाला. “खोकं दिलं होतं.”

खुर्ची उचलून तो परसात जाऊन बसला. पंखा दिवसभर कॉम्प्युटरवर फिरत राहिला, आणि तरी तिचा दगड कापसाचाच राहिला.

सातव्या दिवशी ट्यूटोरियलवाल्याने सांगितलं, अडलं की खऱ्या माणसाचं चित्रण करा. पोझ मनातून काढू नका, बघून काढा. जोवेलिनने आधी स्वतःच तांदळाची पिशवी उचलून बघितली. तिच्या अंगाला सवय नव्हती. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती बदकासारखी चालली. ते बघून काढण्यात काही अर्थ नव्हता. सवय असलेला माणूस घरात एकच होता. विचारलं तर तो हसणार, आणि हसून नाही म्हणणार.

मंगळवारी खानावळीचा तांदूळ यायचा, पंचवीस किलोचं पोतं. गाडीवाला ते दर वेळी आत चुलीपर्यंत आणून टाकायचा, कारण डॉक्टरने अन्सेल्मोला घागरदेखील उचलायला बंदी केली होती. त्या मंगळवारी आई, तिची नानय, बाजारात होती. जोवेलिनने गाडीवाल्याला परसाच्या दारातच गाठलं. “इथेच परसात ठेवा, दादा. आम्ही नेतो.”

मग परसाकडे पाठ करून ती पायरीवर बसली, मोबाईल तोंडासमोर धरला आणि पडद्यात बघत केस विंचरू लागली.

“तातय, नानयने सांगितलंय, तांदूळ आत ठेवा. पाऊस येईल.”

“गाडीवाल्याचे हात मोडले?”

“गेला तो. मी ओढते, फाटलं तर फाटलं.”

ह्या वाक्यावर तो उठणार, हे तिला ठाऊक होतं. अठरा वर्षं वखारीत काढलेला माणूस तांदळाचं पोतं फरफटत नेऊ देत नाही.

अन्सेल्मोने चड्डी वर ओढली. पोत्याभोवती अर्धी फेरी मारली, पायाने त्याला एक टोला दिला, जसा जनावराला देतात. एक पाय मागे रोवला. खाली बसला आणि लगेच उचललं नाही; पोतं अंगाशी लावून थोडं थांबला, एकदा हिसका देऊन अंदाज घेतला. मग श्वास आत, मांडीवर पोतं, मांडीवरून खांद्यावर, आणि सगळं अंग क्षणभर खाली दबून पुन्हा वर. मोबाईलच्या कोपऱ्यात हे सगळं तिला दिसत होतं. ट्यूटोरियलवाला सहा महिने बोलत होता ते हे होतं.

पण दोरीवर वाळत घातलेली चादर मध्येच हलली आणि नेमका मांडीवरून खांद्यावर जायचा क्षण झाकला गेला.

अन्सेल्मो पोतं चुलीपाशी टाकून बाहेर आला. तोंड घामाने चिंब झालं होतं, पण मान ताठ होती. बऱ्याच दिवसांत तो असा दिसला नव्हता. जोवेलिनने तेही पाहिलं. तरी ती उठली, चादर ओढून काढली, आत गेली, पोतं ढकलत उंबऱ्याबाहेर आणलं.

“तातय, हा वेगळाच तांदूळ आहे. परत पाठवायचाय. तेवढं त्या बाकावर ठेवता?”

त्याने तिच्याकडे बघितलं. ह्या खेपेला पोतं मांडीवरून खांद्यावर गेलं, पण अंग खाली दबलं ते पुन्हा वर आलंच नाही. पोतं धपकन बाकावर पडलं. अन्सेल्मो खांब धरून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते.

जोवेलिनने आधी चित्रण नीट साठवलं गेलंय का ते पाहिलं. मग ती धावली.

हिलोत, म्हणजे मालिश करणारी म्हातारी, चार दिवस येत राहिली. तेलाच्या उग्र वासाने घर भरून गेलं. पासिताने नवऱ्याला चटईवर निजवलं, तेही त्याच खोलीत, कारण दुसरी खोली नव्हती. पोतं आत घ्यायचं काय कारण पडलं, असं तिने तीनतीनदा विचारलं. “पाऊस येईलसं वाटलं,” जोवेलिन म्हणाली. अन्सेल्मो छताकडे बघत गप्प होता. त्याला पेज भरवून पासिता खानावळीत जायची, आणि जोवेलिन बापाकडे पाठ करून कामाला बसायची.

काम मात्र आता झरझर होऊ लागलं. दर चौथ्या फ्रेमला चित्रण थांबवायचं, पाठीचा बाक बघायचा, बाहुल्याची पाठ तितकीच वाकवायची. मागे रोवलेला पाय. अंदाज घेणारा हिसका. दगडाच्या जागी तिने पोतंच घेतलं. गुडघे लटपटतात त्या सात फ्रेम तिने दुसऱ्या खेपेतून उचलली. चित्रणानंतर अकराव्या दिवशी बाहुल्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि जोवेलिनच्या स्वतःच्या खांद्याला ते जाणवलं.

“डावा,” मागून आवाज आला.

तिचं बोट बटणावर थांबलं.

“डाव्या खांद्यावर घेतलंय त्याने,” अन्सेल्मो चटईवरून म्हणाला. “मी आयुष्यात डाव्या खांद्यावर पोतं घेतलं नाही. पण गुडघे माझे आहेत. ती कंबरही माझी. आरशातला मी आहे तो.” तो थांबला. “केस विंचरत होतीस.”

मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने डावं-उजवं उलटं टिपलं होतं. दहा दिवस ती ते फ्रेम-फ्रेम बघत होती आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“तातय...”

“पहिल्यांदा उचललं, ते समजलो. दुसऱ्यांदा कशाला?”

“चादर मध्ये आली होती.”

“चादर,” अन्सेल्मो म्हणाला. चिडला असता तर बरं, असा आवाज होता तो.

पासिता दारात उभी होती, हातात सुक्या मासळीची ताटली. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ताटली खाली ठेवली, पुढे आली आणि जोवेलिनच्या कानशिलात लगावली. वीस वर्षांच्या मुलीवर तिने शाळा सुटल्यापासून हात उगारला नव्हता.

“पुसून टाक ते,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर.”

“नाही.”

“काय म्हणालीस?”

“पुसलं तर त्यांची पाठ बरी होणार आहे का? झालं ते झालं. आता हे वाया का घालवू?”

ही मुलगी आपण जन्माला घातली, ह्यावर पासिताचा विश्वास बसेना. ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही सांगा तिला!”

“मी कशाला सांगू?” अन्सेल्मो भिंतीकडे कूस वळवायला गेला, कळ आली, तसाच राहिला. “माझं अंग आधी वखारवाल्याने वापरलं. आता हिने. वखारवाला निदान पुढून आला होता.”

जोवेलिनने त्या संध्याकाळी काम पाठवून दिलं, डाव्या खांद्यासकट.

स्टुडिओने नऊ दिवसांनी बोलावलं. मिस ग्रासिया म्हणून मुख्य बाई होत्या, आखूड केसांच्या, घाईत असलेल्या. त्यांनी ते पाच सेकंद तिच्यासमोर चार वेळा लावली आणि लटपटत्या गुडघ्यांवर थांबवली.

“हे कुठून आणलंस? हे ट्यूटोरियलमध्ये नसतं.”

“आमच्या... बाजारातला एक हमाल आहे.” तोंडातून निघून गेलं. परत घेता आलं असतं. तिने घेतलं नाही.

“भला माणूस दिसतो. सोमवारपासून ये.”

घरी येऊन तिने आईला सांगितलं. पासिता कांदा चिरत होती, चिरत राहिली. अन्सेल्मो आता काठी घेऊन चालू लागला होता. तो आतल्या खोलीत बसेनासा झाला. खानावळीच्या बाकावर गिऱ्हाइकांत बसून जेवायचा. पंखा आता दिवसभर कॉम्प्युटरकडेच तोंड करून असे, आणि फिरवायला कुणी येत नसे.

जोवेलिनला काम जमलं. दुसऱ्यांच्या पोझांमधल्या जागा भरायच्या होत्या. शिकाऊ माणसाला तेच देतात. तीन महिने गेले. ह्या तीन महिन्यांत अन्सेल्मो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. एका रविवारी दुपारी खानावळ रिकामी असताना ती त्याच्यासमोर बाकावर जाऊन बसली. तो भाताबरोबर आंबट रस्सा खात होता.

“तातय, माझं चुकलं.”

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, “बाजारातला हमाल कोण?”

ती दचकली. आईला कामाची बातमी सांगताना मिस ग्रासियांचा तो प्रश्न आणि आपलं उत्तर तिने हसत हसत सांगितलं होतं, आणि भिंत पातळ होती.

“ते... पटकन तोंडात आलं.”

“माफी राहू दे. मला एक सांग.” त्याने चमचा खाली ठेवला. “उद्या पुन्हा तसंच अडलं तर काय करशील?”

जोवेलिनने खरं बोलायचं ठरवलं होतं. “पुन्हा चित्रण करीन. पण आधी तुम्हाला विचारीन.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी. जोवेलिन बाकाची कड नखाने खरवडत राहिली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि तरीही आपण चित्रण करूच, हे खरं तिला आत्ताच कळलं होतं.

अन्सेल्मोने चमचा उचलून ताटलीत टाकला. मग एका हातात ताटली, दुसऱ्या हातात काठी घेऊन, कंबर सांभाळत तो उठला आणि पलीकडच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून, उरलेला भात खायला बसला.