स्वयंपाकघराच्या दारातली फरशी

मिस्त्री घर बघायला गेले तेव्हा त्यांच्याकडे टेप होती, वही होती, कानामागे पेन्सिल होती. दलाल नव्हता. सत्तावीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवताना दलाल हा प्राणी त्यांनी जवळून पाहिला होता. भिंतीतल्या ओलीकडे पाठ करून उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाला खिडकीबाहेरचं झाड दाखवायचं, एवढीच त्याची विद्या, असं त्यांचं ठाम मत. घरातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, असंही एक मत होतं, पण हे ते फक्त बायकोसमोर बोलून दाखवत.

घर विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाईच म्हणायची. दलालांनी बेल वाजवू नये, असा पुठ्ठा त्यांनीही फाटकावर लावला होता, त्यामुळे दोघांचं पहिल्याच दिवशी जमलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आता त्या दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला जाणार होत्या. मधे तिसरं माणूस नसल्यामुळे टेपचं दुसरं टोक धरायचं काम त्यांच्याकडेच आलं, आणि त्यांनी ते इमानाने केलं.

मिस्त्री गुडघ्यांवर बसून बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवत सगळं घर फिरले. जे सापडलं ते वहीत लिहिलं. दारातून आत आल्यावर दुसरी फरशी मधे खचलेली. बोळात एक फरशी बदललेली, ती खरखरीत. खिडकीखाली एक तडकलेली. स्वयंपाकघराच्या दारातली पोकळ. अशी नऊ जागी खोट निघाली. हेतू अर्थात भाव पाडण्याचा होता. बाईंनी वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि सवयीने खाली बरोबरची खूण केली.

"ती पोकळ मी मुद्दाम बदलू दिली नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या साहेबांना साखर बंद केली होती डॉक्टरांनी. दुपारी डबा शोधत निघाले की ती फरशी वाजायची. मी आतून नुसतं खाकरायचे."

मिस्त्री हसले. पण भाव पाडायची हिंमत नंतर झाली नाही, आणि वही तशीच खिशात गेली.

घराची त्यांना घाई होती, आणि घाईचं कारण घरी बसलेलं होतं. बायको कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करायची. दीड वर्षापूर्वी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग बाजूने आलेलं माणूस दिसेना, मग एकदा ती उघड्या दारावरच आपटली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय आणि तो थांबवायचं औषध नाही. वर्ष मिळेल, फार तर दीड. मिस्त्री त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखे रडले. ती रडली नाही. तिने घरी येऊन चहा केला आणि मग बोलली.

"आपली आत्तापर्यंत नऊ घरं झाली भाड्याची. मालक उठ म्हणाला की उठायचं. मला काही दिसत नसताना दहावं घर दाखवू नका. दिसतंय तोवर एक घर पाठ करू द्या मला. आपलं. मग नाही दिसलं तरी चालेल."

तिने संसारात मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट होती. नऊ घरांत तिने भिंतीला कधी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कागद व्हायचे तेव्हा होतील, म्हणाल्या, दर रविवारी हिला घेऊन या, सुरुवात तर करू दे. मधे दलाल असता तर विकणारीने घेणारीला असं घर उघडं करून दिलं असतं का, कोण जाणे. मिस्त्री टेबलाशी बसून बाईंबरोबर कागद वाचत आणि बायको दाराशी चपला काढून घरभर फिरायची. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. ओठ हलत असायचे. दारातून चार पावलं, वळायचं, बोळात सहा, की स्वयंपाकघर. डबा डावीकडे, चूल समोर. कधी कधी बाई मधेच कुठूनतरी हाक मारत आणि ती डोळे मिटून बरोबर त्यांच्यासमोर जाऊन उभी राही. मग दोघी हसत. मिस्त्रींना वाटे, चला, आपलं गणित जमलं.

ते जमलं नव्हतं. घर बाईंच्या आणि त्यांच्या दिरांच्या अशा दोघांच्या नावावर होतं. बाईंच्या ते मनातही नव्हतं, कारण दीर वीस वर्षं परदेशात होते आणि त्यांनी कधी घराचं नाव काढलं नव्हतं. मिस्त्रींनी नळ पाहिले, गच्चीचा उतार पाहिला, पाण्याची टाकी आत उतरून पाहिली, पण घर कुणाकुणाच्या नावावर आहे हे विचारायचं राहून गेलं. दलालाने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं. हे मिस्त्रींना नंतर रोज आठवायचं. जेवताना, काम करताना, बायकोचा हात धरून रस्ता ओलांडताना.

दिरांचा पत्ता बदललेला होता. तो सापडला तेव्हा ते आजारी होते. बरे झाले तेव्हा सहीचा कागद चुकीचा निघाला. माणूस सज्जन, नाही कधी म्हणालाच नाही, पण समुद्रापलीकडून एक सही यायला दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत पडदा सरकायचा तसा सरकतच होता. शेवटी शेवटी तर तो पळतच आला. नवव्या महिन्यात बायकोला खिडकी कुठे आहे एवढंच कळायला लागलं, तेही ऊन असेल तर.

"काही हरकत नाही," ती म्हणायची. "पाठ झालंय माझं."

किल्ली हातात आली त्या दिवशी बाई निघाल्या. कपाट आणि टेबल त्यांनी मागे ठेवलं होतं. गाडीत बसताना त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "फार काही हलवू नका हो. सवय झालीय तिला."

मिस्त्रींनी ते मनावर घेतलं, पण फक्त कपाट-टेबलापुरतं. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

जन्मभर दुसऱ्यांच्या घरांत आरशासारख्या फरश्या बसवल्या, आणि स्वतःच्या घरात खचलेली, तडकलेली, पोकळ? आणि वर तिला दिसत नाही. त्या तडकलेल्या फरशीची ठेच लागून पडली म्हणजे? हा विचार त्यांना झोपू देईना. कागद अजून आठ दिवस अडकलेत, असं त्यांनी बायकोला सांगितलं. लग्नानंतर तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते बोलताना त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. कपाट-टेबल हलवण्याआधी त्यांनी भिंतींवर पेन्सिलीने खुणा केल्या. जुनी फरशी काढली, राडारोडा पोत्यांत भरून लांब टाकून दिला. मदतीला कुणी घेतलं नाही. आठ दिवस एकट्याने, रबरी हातोडी आणि लेव्हल घेऊन, त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. शेवटच्या दिवशी दारातून गोटी सोडून पाहिली. ती सोडली तिथेच उभी राहिली. कपाट आणि टेबल इंचभरही न चुकता जागच्या जागी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला घेऊन आले. फाटकापासून तिने त्यांचा हात सोडला. पायऱ्या चढली, चपला काढल्या, कुलूप स्वतः चाचपून उघडलं. आत एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबली. पाय पुढे घेतला, मागे घेतला. मग भराभर मागे सरून उंबऱ्याबाहेर आली.

"अहो," ती म्हणाली, "आपण कुणाच्या घरी आलोय?"

मिस्त्री आनंदाने सांगायला लागले. आठ दिवस, एकट्याने, एक सांधा वाकडा नाही. बोलता बोलता त्यांना तिचा चेहरा दिसला.

तिने खाली बसून तळहात फरशीवर फिरवला. इकडे, तिकडे, हात पोचेल तिथवर. सगळीकडे सारखंच.

"किती गुळगुळीत केलीत हो," ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं, हळू आवाजात, जणू चूक तिचीच होती. पावलं मोजायची, ते खरं. पण मोजणं चुकतं. कुणी हाक मारली, कपात चहा असला, की आकडा जातो. मग पाय सांगायचे. खड्डा लागला की आत आलो. खरखरीत लागली की बोळ अर्धा झाला. तडा लागला की खिडकी. आणि ती वाजली, की स्वयंपाकघर आलं. बाईंनीच शिकवलं होतं तिला ते, डोळे मिटायला लावून.

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. पेराने वाजवून वाजवून जे त्यांनी खोट म्हणून लिहिलं होतं, ते तिने तळपायांनी घर म्हणून पाठ केलं होतं. आणि ते त्यांनी स्वतःच्या हातांनी पोत्यांत भरून टाकून दिलं होतं. त्यांना रडू आलं, आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांनी मनगट तोंडात धरलं. तिला कळलंच. तिने चाचपत येऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून वही काढली. बाईंची खूण केलेलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. दारातून दुसरी, खचलेली. ती म्हणाली, हो. बोळात खरखरीत एक. हो, तिसऱ्या पावलाला. खिडकीखाली तडकलेली. हो. नऊच्या नऊ झाल्या. मग मिस्त्री पिशवीतून छिन्नी घेऊन आले.

स्वयंपाकघराच्या दारातली फरशी त्यांनी सांध्यातून सोडवून उचलली, खालचा सिमेंटचा माल मधोमध खरवडून काढला आणि कडांवर तेवढी टेकवून पुन्हा बसवली. असं काम त्यांच्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला त्याच दिवशी हाकललं असतं.

"ये," ते म्हणाले.

ती आली आणि तिने टाच टेकवली. फरशी वाजली. तिने पुन्हा टेकवली आणि मान कलती करून ऐकत राहिली.

"बाईंची अशी वाजत नव्हती," ती म्हणाली.

मिस्त्रींनी छिन्नी पुन्हा सांध्यात घातली.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाकीच्याही करा. आज सगळ्या नाही झाल्या तरी चालेल."

ते वही आणि छिन्नी घेऊन खिडकीकडे गेले. ती भिंतीला हात लावत लावत परत दाराशी गेली, आपल्या चपला चाचपून तिथून तोंड आत वळवलं आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.