पंधरावे घर

गोव्यातल्या आमोण्याच्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीत, गणेश चवथीला आरतीची मंडळी चौदा घरे घेते. घरे आणि त्यांचा क्रम वाडवडिलांनी ठरवलेला. सदाशिव दोडामार्गहून खाणीच्या ट्रकवर आला त्याला बावीस वर्षे झाली. त्याचे घर पंधरावे, म्हणजे मोजणीतच नाही. पण शामेळ वाजवायला मात्र सदाशिवच हवा! दोन काठ्यांचा तो ढोल दुसऱ्या कोणाच्या हातात बोलतच नसे. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय.

त्याची बायको रुक्मिणी दरवर्षी मंडळींसाठी डबाभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायची, आणि मग पंधरा दिवस दोघेच त्या खात बसायची. यंदा तिने स्पष्टच सांगितले, "कोण येवचो नाय. देवापुरत्यो पाच केलंय. औंदाय कोण इलो नाय, तर फुडल्या वर्सा गणपती गावाकच पुजया."

पहिल्याच घरी निलेश मोबाईल घेऊन आरतीतून सटकला, तेव्हा म्होरके बाबुराव कडाडले, "आरती चालू आसतना देवाक पाठ दाखयतात? वाटेवयलो मनीसय उबो रावता!" सदाशिवने ते मनात धरून ठेवले.

दहा घरे आटोपली. अकरावे शिवदासचे, आणि वाटेत सदाशिवचे. आत समई तेवत होती, रुक्मिणी उंबऱ्यात उभी. बाबुराव नजरही न वळवता म्हणाले, "चल रे, शिवदास वाट पळयता."

सदाशिव तडक आपल्या अंगणात शिरला, पायरी चढला आणि गणपतीसमोर शामेळवर काठी हाणली. रुक्मिणी दचकली, मग तिने आरती गायला घेतली.  मंडळींचा रोष ओढवून उद्याही याच वाड्यावर राहायचे होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

वाटेवर अकरा माणसे खिळली. पुढे जावे तर देवाला पाठ. बाबुराव लालबुंद झाले. पहिले कडवे संपले, दुसरे संपले. कोणी हलेना. तिसऱ्यानंतर आरतीच संपणार, मंडळी सुटणार! सदाशिवला घाम फुटला.

तिसरे निम्मे झाले आणि बाबुरावांनी चपला काढल्या. त्यांच्यामागून बाकीचे पायरी चढले. मंडळींच्या गळ्यातली मातीची घुमटे वाजू लागली. सदाशिवला रडूच आले, पण त्याने ताल सोडला नाही.

आरती संपली. प्रसादासाठी अकरा हात पुढे आले. ताटात नेवऱ्या पाचच.

रुक्मिणी एकेक नेवरी मोडू लागली. "ल्हान तुकडो घेवा," ती मान खाली घालून म्हणाली. "तुमी येतलात, ह्या माका ठावक नाय होता."